घरी चेहऱ्यासाठी पहिलं सीरम करताय? मग साहित्य कमी ठेवा

सुरुवातीलाच नियासिनामाइड, व्हिटॅमिन सी वगैरेच्या मागे लागू नका. ओलावा धरून ठेवायला ग्लिसरीन आणि सोडियम हायलुरोनेट एवढं पुरतं. १०० ग्रॅमसाठी डिस्टिल्ड पाणी ९४, ग्लिसरीन ४, सोडियम हायलुरोनेट १ आणि प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारा घटक) १ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्याच. सोडियम हायलुरोनेटची पावडर थेट पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी घाला आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी एकजीव जेल तयार असतं, घोटत बसायची गरज नाही.

आता प्रिझर्व्हेटिव्ह. ‘नैसर्गिक हवं’ म्हणून बरेच जण हेच गाळतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. पाणी आलं की जंतू आले, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, पण जंतू मारत नाही. फिनॉक्सीइथेनॉल असलेलं मिश्रण नवख्यांना सोपं. प्रमाण १ टक्क्याच्या वर नेऊ नका. त्याऐवजी सोडियम बेन्झोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह घेतलंत तर सीरमचा पीएच (आम्लतेचं माप) ५ च्या खाली लागतो, म्हणजे तो मोजायच्या पट्ट्या आल्या. कुंडीतल्या कोरफडीचा गर तर नकोच, त्यात जंतूंना खाऊच मिळतो.

भांडी, बाटली अल्कोहोलने पुसा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. चेहरा ओलसर असतानाच लावा आणि वर क्रीम हवंच, विशेषतः कोरड्या हवेत.