किल्ली कुठे ठेवावी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे सगळे पासवर्ड मी एका स्प्रेडशीटमध्ये लिहिते, ती फाइल झिप करून तिला पासवर्ड लावते आणि क्लाउडवर ठेवते. लॅपटॉपची डिस्कही एन्क्रिप्ट केलेली आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. बंद असलेला लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती पडला तर बिटलॉकर (विंडोज), फाइलव्हॉल्ट (मॅक) किंवा लक्स (लिनक्स) यांसारखे डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय मजकूर वाचता येऊ नये असे त्याचे रूपांतर, फार मोलाचे ठरते. मात्र आपण लॉग-इन केल्यानंतर डिस्कवरील मजकूर प्रत्येक प्रोग्रॅमला उघडाच दिसतो, आणि तेथून क्लाउडवर गेलेल्या प्रतीला डिस्कचे ते संरक्षण अजिबात लागू होत नाही. म्हणजे क्लाउडवरील आपल्या फाइलची सारी भिस्त झिपच्या पासवर्डवर आहे.

झिपमध्ये एन्क्रिप्शनच्या दोन पद्धती आढळतात. झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत कमकुवत आहे, हे बिहाम आणि कोचर या संशोधकांनी 1994 मध्येच दाखवून दिले होते : मूळ मजकुराचे मोजके बाइट ठाऊक असतील, तर पासवर्डचा अंदाज न बांधताही ती फोडता येते. तरीही सेव्हन-झिपमध्ये झिप स्वरूप निवडले की आपण बदल करेपर्यंत हीच पद्धत लागू असते. तेथे एईएस-256 निवडावे. त्यानंतरही झिपमधील फाइलींची नावे बाहेरून वाचता येतात. ती लपवायची असतील तर सेव्हन-झेड हे स्वरूप घेऊन नावे एन्क्रिप्ट करण्याच्या पर्यायावर खूण करावी लागते.

पण माझी खरी हरकत वेगळीच आहे. आपण झिपमधली स्प्रेडशीट उघडता, तेव्हा तिची एक उघडी प्रत बहुधा तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होते, आणि ती पुसली तरी एसएसडी प्रकारच्या डिस्कवरून प्रत्यक्षात केव्हा नाहीशी होईल, हे सांगता येत नाही. पासवर्डची यादी वारंवार उघडावी लागत असल्यामुळे हे काम पासवर्ड मॅनेजरकडेच, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डखाली एन्क्रिप्ट करून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमकडेच, सोपवावे. सगळे आपल्याच हाती, एकाच फाइलमध्ये असावे असे वाटत असेल तर कीपासएक्ससी घ्या. फोन आणि लॅपटॉप या दोन्हींवर विनासायास हवे असेल तर बिटवॉर्डन घ्या, ज्यात सर्व्हरकडे एन्क्रिप्ट केलेली माहितीच जाते आणि ती आपल्या उपकरणावर उलगडली जाते. दोन्हींत मुख्य पासवर्डपासून किल्ली (मजकूर उलगडणारी गुप्त संख्या) तयार करण्यासाठी आर्गॉन2 वापरता येते. पासवर्डच्या हॅशिंगसाठी (त्याचे उलट न फिरवता येणारे रूपांतर करण्यासाठी) झालेल्या खुल्या स्पर्धेत 2015 मध्ये विजेती ठरलेली ही पद्धत प्रत्येक अंदाजामागे मुद्दाम बरीच मेमरी खर्च करायला लावते, त्यामुळे कोट्यवधी पासवर्ड झपाट्याने तपासून पाहणे हल्लेखोराला महाग पडते.

मुख्य पासवर्ड मात्र मनाने रचू नका, कारण माणसाला सुचणारे शब्द दुसऱ्या माणसालाही सुचतात. 1995 पासून प्रचलित असलेली डाइसवेअर पद्धत वापरा : फासा पाच वेळा टाकायचा आणि आलेल्या आकड्यांवरून 7,776 शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा. असे सहा शब्द निवडले की शक्यतांची संख्या सुमारे 2 वर 23 शून्ये इतकी होते. यादी सर्वांना ठाऊक असली तरी बिघडत नाही. पद्धत शत्रूला माहीत आहे असेच धरून चालावे आणि गुप्तता केवळ किल्लीत असावी, हे तत्त्व गुप्तलेखनाचे अभ्यासक कर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये मांडले होते आणि आजची सारी विश्वासार्ह साधने त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमच्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला होता. मी तो काढून टाकून गिटमध्ये नवा कमिट केला, म्हणजे बदललेला कोड नोंदवला. आता धोका टळला ना?

उत्तर : टळलेला नाही. गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन जुन्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवते, त्यामुळे ज्याच्याकडे रिपॉझिटरीची (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याची) प्रत आहे त्याला तो पासवर्ड इतिहासात सापडेल. आधी डेटाबेसमधला पासवर्डच बदला. इतिहास स्वच्छ करण्याचे काम त्यानंतरचे. पुढे पासवर्ड कोडसोबतच ठेवणे भाग असेल तर 'सॉप्स' हे साधन उपयोगी पडते, कारण ते फाइलमधील फक्त मूल्ये एन्क्रिप्ट करते आणि नावे वाचनीय ठेवते, त्यामुळे कोणती नोंद बदलली हे सहकाऱ्यांना दिसत राहते. त्याच्या जोडीला किल्ल्यांसाठी 'एज' (अक्षरे ए, जी, ई) हे एन्क्रिप्शनचे साधन घ्यावे. ते जीपीजी या एन्क्रिप्शनच्या जुन्या साधनापेक्षा पुष्कळ सोपे आहे, आणि मी सोपेपणाला येथे फार महत्त्व देतो, कारण अवघड साधन घाईच्या वेळी चुकीचे वापरले जाते. हॅशिकॉर्प कंपनीचे व्हॉल्ट हे गुपिते सांभाळणारे साधन ठरावीक मुदतीनंतर आपोआप रद्द होणारे पासवर्ड देऊ शकते. पण ते सांभाळायला माणूस हवा, म्हणून दोन-तीन जणांच्या गटाला मी ते सुचवणार नाही.

प्रश्न : मुख्य पासवर्ड मीच विसरलो, किंवा माझे काही बरेवाईट झाले, तर घरच्यांनी काय करावे?

उत्तर : हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगल्या एन्क्रिप्शनला मागचे दार नसते. माझी स्वतःची एक जुनी डिस्क आजही माझ्याकडे आहे. तिचा पासवर्ड मी कोठेही लिहून ठेवला नव्हता, आणि तिच्यातील छायाचित्रे मला पुन्हा कधीच मिळाली नाहीत.

गुपिताचे अनेक भाग करून त्यांतील ठरावीक भाग एकत्र आल्यावरच ते उलगडावे, अशी गणिती रीत संशोधक शमीर यांनी 1979 मध्ये दिली आणि व्हॉल्टसारख्या साधनांत ती वापरलीही जाते. घरासाठी मात्र मी कागदच सुचवीन. मुख्य पासवर्ड, पासवर्डची फाइल कोठे आहे ते आणि ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडते ते स्वच्छ अक्षरांत लिहा, कागद पाकिटात बंद करा आणि एक प्रत आपल्या घराबाहेर, विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवा. दूरच्या हल्लेखोराला तो कागद वाचता येत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी लावली असेल तर तिचे रिकव्हरी कोडही त्याच पाकिटात असावेत, नाहीतर पासवर्ड हाती असूनही घरचे दारातच अडकतील. डिस्क लक्सने एन्क्रिप्ट केली असल्यास तिच्या हेडरची (किल्लीची माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाची) प्रत वेगळी काढून ठेवा, कारण हेडर बिघडला तर अचूक पासवर्डही निरुपयोगी ठरतो. हे सारे झाल्यावर एखाद्या दिवशी घरातील कोणालातरी ते पाकीट द्या आणि आपली मदत न घेता दुसऱ्या संगणकावर ती फाइल उघडायला सांगा. जेथे त्यांचे अडेल, ती पायरी कागदावर वाढवा.