पाचगणीच्या होमस्टेमधल्या गरम पाण्याच्या टबला क्लोरीनऐवजी काय वापरावं?

तुम्ही आतापर्यंत टबात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर, टाकत होतात, पाहुण्यांचे डोळे चुरचुरायला लागले, वासाच्या तक्रारी आल्या. आता दुकानदाराने 'नॉन-क्लोरीन शॉक'चा, म्हणजे पाण्यातली घाण जाळणाऱ्या बिनक्लोरीनच्या औषधाचा, डबा दिलाय आणि नुसत्या त्यावर भागेल का, असं विचारताय. नाही भागणार. हे आधीच सांगतो, कारण याच डब्यावर विसंबून माझ्याकडून एकदा पाहुण्यांना त्रास झालाय.

माझं फार्महाऊस वाईजवळ, धोम धरणाच्या बाजूला. टब हजार लिटरचा. पहिल्या हिवाळ्यात मी ओझोनचं यंत्र आणि हा शॉक, एवढंच वापरत होतो. पाणी इतकं नितळ की तळाच्या जाळीचा स्क्रू मोजावा. एक कुटुंब राहून गेलं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलाच्या अंगावर लाल पुटकुळ्या, तीही नेमक्या पोहण्याच्या चड्डीखाली. मी टबात हात घालून पाण्याच्या रेषेखाली बोट फिरवलं, तर भेंडी चिरताना लागतो तसला बुळबुळीतपणा बोटाला आला. असल्या थरात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि अशा पुटकुळ्या बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच येतात. टबाच्या वाफेतून फुप्फुसात जाणारा लिजिओनेला तर त्याहून वाईट, त्याने न्यूमोनिया होतो. म्हणून 'पाणी स्वच्छ दिसतंय' यावर कधीच जाऊ नका.

तुमच्या डब्यातला पदार्थ पोटॅशियम मोनोपरसल्फेट. तो घाम, तेल, क्रीम जाळतो. जंतू मारायचं काम त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही. ओझोनही यंत्रातून जाणाऱ्या पाण्यापुरताच काम करतो. पाण्यात टिकून राहत नाही. तांब्या-चांदीच्या कांड्या मदतीला ठीक, पण फार सावकाश. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यातलं पाणी चांगलं म्हणतात, म्हणून लोकांना त्या लगेच पटतात. पण पाच माणसं बसलेल्या गरम टबाला तो न्याय लागू पडत नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

मी आता ब्रोमीन वापरतो आणि तुम्हालाही तेच सुचवेन. नवं पाणी भरलं की हजार लिटरला साधारण 40 ग्रॅम सोडियम ब्रोमाइड विरघळवायचं. हे नुसतं मीठ, अजून जंतुनाशक नाही. मग तुमचा तोच शॉक टाकायचा, मात्रा डब्यावर असेल तेवढी. शॉक त्या मिठातून ब्रोमीन मोकळं करतो, ब्रोमीन जंतू मारून पुन्हा मीठ होतं, पुढच्या शॉकला परत जागं होतं. म्हणजे दुकानदाराने दिलं ते वाया गेलेलं नाही, जोडीदार तेवढा राहिलाय. टबात ब्रोमीन 4 ते 8 पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) ठेवा, पीएच (पाणी किती आम्ल की अल्क, त्याचा आकडा) 7.2 ते 7.8. शॉक टाकल्या टाकल्या पाणी तपासायची पट्टी बुडवू नका, आकडा फसवा, जास्तीचा येतो. पाहुणे उतरायच्या आधी मात्र तपासाच. तयार गोळ्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत ब्रोमीनबरोबर क्लोरीनही असतं, पूर्ण टाळायचं असेल तर डब्यावरची नावं वाचून घ्या. क्लोरीनची खरोखर ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला ब्रोमीनही सोसेलच असं नाही.

डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर. तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं, त्याचा असतो. त्यात टीसीएलमध्ये चुना, त्यामुळे पीएच चढतो आणि हीटरवर पांढरा थर धरतो. ब्रोमीनचे तसले संयोग कमी वास मारतात आणि जंतूही मारत राहतात, म्हणून गरम टबाला ते मानवतं. पण मागच्या वर्षी एका लग्नघरची मंडळी हळद लावून, तेल चोपडून थेट टबात उतरली. अर्ध्या तासात पिवळा फेस कठड्यावरून सांडत होता, ब्रोमीन शून्यावर, फिल्टरच्या घड्यांत हळदीचा लगदा. सगळं पाणी सोडून द्यावं लागलं. तेव्हापासून टबाशेजारीच शॉवर बसवलाय आणि साबणाने अंघोळ केल्याशिवाय मी कुणाला उतरू देत नाही. त्या एका नियमाने माझा औषधांचा खर्च निम्म्यावर आला.

बिग्वानाइड नावाचंही क्लोरीन नसलेलं औषध असतं, हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर वापरतात. त्याचं क्लोरीन, ब्रोमीन, तुमचा शॉक, कशाशीच जमत नाही, एकत्र आले की पाण्याचा राडा होतो. त्या वाटेला मी गेलो नाही.

बदल करताना जुनं पाणी पूर्ण काढा, टब घासा, पाइपांतला थर काढायचं औषध फिरवा, फिल्टर नवा घाला. उरलेली टीसीएल ब्रोमीनच्या गोळ्यांशेजारी ठेवू नका, एकाच मगाने तर कधीच काढू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू निघतो, पेटही घेऊ शकतं. तुमच्याकडे वर पाचगणीत जांभ्या दगडातल्या झऱ्याचं पाणी असेल तर ते हलकं असतं, कॅल्शियम तपासून वाढवावं लागेल, नाहीतर हीटर गंजतो. माझं बोअरचं पाणी जड, मला उलटीच चिंता.

वापर सतत असेल तर तीन महिन्यांनी पाणी बदला. सोडण्याआधी दोन दिवस झाकण काढून उन्हात राहू द्या, उन्हाने ब्रोमीन उडून जातं. पट्टीवर शून्य आलं की शोषखड्ड्यात सोडा. खाली कुणाची स्ट्रॉबेरी असेल तर त्या वाफ्यांत किंवा ओढ्यात हे खारट पाणी जाऊ देऊ नका.