जिम्नीला बाजारातले बॉनेट शॉकर घरी बसवता येतील का? १५० न्यूटनचे घ्यावेत की ३०० चे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी जिम्नी, राहणं गोव्यात वाळपईकडे, गाडी सत्तरी तालुक्याच्या कच्च्या वाटांवर नेहमी जाते आणि दर वेळी बॉनेटला दांडी लावायचा कंटाळा आलाय. ऑनलाइन एक किट १५० न्यूटनचं दिसतंय, एक ३०० चं. दुकानदार म्हणतो जास्त ताकदीचं घ्या, टिकेल. भोकं पाडावी लागतील का आणि कंपनीची दांडी काढून टाकू का, हेही विचारलंय.

बॉनेट शॉकर म्हणजे उघडलेलं बॉनेट दांडीशिवाय वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या नळ्या, दोन बाजूंना दोन. ते घरी आरामात बसतात. पाने हाताळायची सवय असेल तर तासाभराचं काम आहे, मदतीला एक माणूस मात्र हवाच. दुकानदाराचा सल्ला या बाबतीत उलटा आहे. बॉनेट शॉकरमध्ये जास्त ताकद म्हणजे जास्त टिकाऊपणा नव्हे, जास्त ताकद म्हणजे वाकलेला पत्रा.

गॅरेजवाले याला सरसकट ‘हायड्रॉलिक’ म्हणतात, पण आत दाबाखालचा नायट्रोजन असतो आणि सील ओलं राहावं, शेवटी धक्का बसू नये एवढ्यापुरतं थोडं तेल. नळीवर छापलेला न्यूटनचा (जोराचं माप) आकडा म्हणजे दांडा (नळीतून आत-बाहेर सरकणारी बारीक कांब) जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा जोर. दांडा आत जाईल तसा जोर वाढतो, बॉनेट बंद असताना तो साधारण सव्वापट झालेला असतो. गरमीनेही वाढतो: दर १० अंशांना तीन-साडेतीन टक्के. सकाळी गार इंजिनावर अलगद उघडणारं बॉनेट घाट चढून आल्यावर जरा जोराने वर येतं ते यामुळेच, त्यात बिघाड काही नाही.

आता किती न्यूटन हवेत ते आपल्याच गाडीवर मोजा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या, तो बॉनेटच्या पुढच्या कडेला कुलपात अडकणारी कडी असते तिला लावा आणि बॉनेट किंचित उचला. समजा काटा ७ किलो दाखवतो आणि बिजागरीच्या पिनेपासून कडीपर्यंत अंतर १ मीटर आहे, तर बिजागरीभोवती भार झाला सुमारे ६९ न्यूटन-मीटर. बॉनेट ५० अंश उघडलं की हाच भार ४४ वर येतो, कारण वजन बिजागरीच्या जवळ सरकतं. मग शॉकरची दोन टोकं जिथे बसणार त्या दोन जागांमध्ये बॉनेट पूर्ण उघडं असताना दोरा ताणून धरा आणि बिजागरीच्या पिनेपासून दोऱ्यापर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजा. ते १६ सेंटिमीटर आलं, तर ४४ भागिले ०.१६, भागिले दोन शॉकर, म्हणजे प्रत्येकी १३८ न्यूटन. त्यावर १५ टक्के राखीव धरा: १६० च्या आसपास. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे स्वतः मोजून काढा. खाली आवाज दाबायची मॅट लावली असेल किंवा बॉनेटवर दिवे बसवले असतील तर काटा ते आपोआप धरतोच, म्हणून मोजणी त्या सामानासकट करा.

याच मापांत ३०० न्यूटनची जोडी घातली तर उघड्या बॉनेटला ४४ लागत असताना ९६ मिळतात. जादा जोर कुठे जातो? बंद करताना तुम्ही पुढची कडा खाली दाबता, शॉकर मधूनच वर रेटतो आणि बिजागरी मागे धरून ठेवते. बॉनेटचा पत्रा पातळ, त्यात आतल्या सांगाड्याला जागोजागी मोकळ्या खिडक्या. शॉकरच्या ब्रॅकेटपाशी (शॉकर अडकवायची पट्टी) आडवी घडी पडते, पेंटवर आधी बारीक रेघ दिसते आणि मग बॉनेट मागच्या कोपऱ्यांत उचललेलं राहतं. जिम्नीचं बॉनेट दोन्ही बाजूंनी फेंडरवर (पुढच्या चाकांवरचा पत्रा) उतरतं, त्यामुळे दोन-तीन मिमीचा फरकही बाजूने लगेच नजरेत भरतो. डेंटरकडे नेऊनही अशी घडी पूर्ण जात नाही. कमी ताकदीचा शॉकर घेतला तर नुकसान एवढंच की बॉनेट वर न थांबता खाली येतं, आणि ते पहिल्याच दिवशी कळतं.

किट निवडताना न्यूटनपेक्षाही लांबी महत्त्वाची. दोन गोष्टी तपासायच्या. बॉनेट बंद असताना शॉकरचा दांडा पूर्ण आत गेलेला नसावा, ५ ते १० मिमी चाल शिल्लक असावी. चाल संपली की शॉकर लोखंडी कांबीसारखा होतो आणि तुम्ही बॉनेट दाबाल तेव्हा ब्रॅकेट तरी वाकतो नाहीतर पत्रा. दुसरं, उघडताना बिजागरी आपल्या शेवटाला टेकण्याआधी शॉकर थांबायला हवा, म्हणजे बॉनेटची मागची कड वायपरकडे जाऊन घासत नाही. ‘सर्व गाड्यांना चालेल’ लिहिलेलं किट या दोन्ही गोष्टींत हमखास फसतं. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं घ्या.

भोकांचं म्हणाल तर मॉडेलसाठी बनवलेल्या बहुतेक किटांना ती लागत नाहीत. खालचा ब्रॅकेट फेंडरच्या आतल्या काठावरच्या बोल्टखाली जातो, वरचा बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टखाली किंवा आधीपासून असलेल्या भोकात. भोक पाडायला सांगणारं किट परत करा, निदान सत्तरीच्या पावसात तरी. कापलेल्या पत्र्याला रंगाचा थर नसतो, गंज तिथूनच आत शिरतो. पाडावंच लागलं तर एम ६ च्या (६ मिमी बोल्टच्या) रिव्हनटला, म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून पक्का करायच्या नटला, ९ मिमीचं भोक लागतं. ड्रिलच्या बिटावर टेप गुंडाळून खोली मर्यादित ठेवा, नाहीतर बिट आतला पत्रा सोडून थेट वरच्या रंगीत पत्र्यातून बाहेर येतं. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर, मगच रिव्हनट.

हत्यारं साधी: १० आणि १२ मिमीचा गोटी पाना, छोटा चपटा स्क्रू-ड्रायव्हर, मास्किंग टेप, पेन्सिल, टच-अप पेंट, गंजरोधक वॅक्स. जमलं तर टॉर्क पाना (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा).

गाडी सपाट जागेवर, इंजिन गार. बॉनेट कंपनीच्या दांडीवर उभं करा, शिवाय मदतनीसाने धरून ठेवायचं. फेंडरवर जुनी चादर टाका. खरचटे पडतात ते पाना सटकून पडतात, शॉकरमुळे नाही. बिजागरी बॉनेटवर जिथे बसली आहे तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून घ्या. मग एका बाजूचा एकच बोल्ट काढा, त्याखाली ब्रॅकेट सरकवा, बोल्ट हाताने घट्ट करा. दोन्ही बोल्ट एकदम सैल केले की बॉनेट जागचं हलतं आणि मग फटी जुळवत अर्धा दिवस जातो. रेघ जुळतेय बघून आवळा. एम ६ बोल्टला ९ ते १० न्यूटन-मीटर, एम ८ ला २२ ते २५ पुरे. फेंडरचे बोल्ट बहुधा पत्र्यावर वेल्ड केलेल्या नटमध्ये जातात. तो नट मोकळा फिरू लागला की काम तासाचं दिवसावर जातं, म्हणून जोर लावून आवळू नका.

ब्रॅकेटखाली रबराचा तुकडा घालायचा मोह होतो, रंग खरवडू नये म्हणून. घालू नका. रबर दबतं, बोल्ट सैल पडतो, मग कच्च्या रस्त्यावर ब्रॅकेट हलत हलत रंग पूर्ण खातो. त्याऐवजी बसवण्याआधी ब्रॅकेटच्या कडा कानशीने मऊ करा, आणि आवळल्यावर बोल्टच्या डोक्याभोवती टच-अप आणि वर वॅक्स लावा.

आता शॉकर. जाड नळी बॉनेटकडे, बारीक दांडा खाली बॉडीकडे. तेल खाली उतरून सीलजवळ राहतं, सील सुकत नाही. उलटा लावला तर सील लवकर कोरडं पडतं आणि गॅस गळायला लागतो. बाजारात लावलेले शॉकर कधी कधी उलटेही दिसतात. गोल टोकाच्या खाचेतली तारेची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने जराशी उचला, पूर्ण काढू नका. टोक ब्रॅकेटवरच्या बॉलवर (गोळीवर) दाबा, ‘टक’ वाजलं की क्लिप परत बसवा. आधी खालचं टोक, मग मदतनीस बॉनेट थोडं आणखी वर उचलेल तेव्हा वरचं. शॉकर हाताने दाबून बसवायला जाऊ नका, तो दाबला जाणार नाही आणि सटकला तर तोंडावर येईल. एक बाजू झाली की लगेच दुसरी. एकाच शॉकरवर बॉनेट उघड-मीट केलं तर ते पिळवटतं.

पहिल्यांदा बंद करताना दांडी तिच्या क्लिपमध्ये परत बसवली आहे ना ते बघा आणि बॉनेट अगदी सावकाश खाली आणा. दोन्ही शॉकरच्या वाटेत, म्हणजे बॅटरीचं टर्मिनल, वॉशरची नळी, ब्रेक ऑइलची डबी, वायरचे जुडगे जिथे जवळ येतात तिथे कणकेच्या छोट्या गोळ्या चिकटवा. बंद करून उघडा आणि गोळी किती चेपली ते बघा. १० मिमीपेक्षा कमी जागा उरत असेल तर ब्रॅकेटची दिशा बदला. इंजिन खडबडीत वाटेवर हलतं, आज न लागणारी वायर उद्या लागते. स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा घेणारा पाइप) लावलेला असेल तर ती बाजू दोनदा तपासा. शेवटी बॉनेट बंद करून आतला लिव्हर ओढा आणि दुसरा सुरक्षा हूक पूर्वीसारखाच अडकतोय का पाहा. तो हूक हाताने सोडवल्याशिवाय बॉनेट वर येता कामा नये. येत असेल तर शॉकर जादा ताकदीचे आहेत किंवा कुलूप नीट जुळलेलं नाही, ते दुरुस्त होईतोवर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

वेगात बॉनेट थरथरतं म्हणून कुणी शॉकर सुचवत असेल तर तो उपाय नव्हे. त्यासाठी पुढचे रबरी टेकू फिरवून उंच करायचे आणि कुलपाची जुळणी बघायची.

गोव्यात शॉकर मरतात ते दोन कारणांनी: किनाऱ्याला खारी हवा, आत लाल धूळ. क्रोमच्या दांड्यावर गंजाचे टाचणीएवढे खड्डे पडतात, प्रत्येक उघड-मिटीला ते सीलवर कानशीसारखे चालतात आणि मग बॉनेट खाली येऊ लागतं. काळ्या नायट्राइड (पृष्ठभाग कडक केलेल्या) दांड्याचे घ्या, क्रोमपेक्षा इथे जास्त टिकतात. पैसे खर्चायची तयारी असेल आणि गाडी समुद्राजवळ उभी राहत असेल तर ३१६ स्टेनलेस (खाऱ्या हवेत जास्त टिकणारं स्टील). वाळपईला त्याची गरज नाही, तुमचा शत्रू चिखल आहे. दांड्याला ग्रीस लावू नका, लाल माती त्यात मिसळून घासायचा लेप तयार होतो. ओल्या फडक्याने पुसा, कोरडा करा, बास. वॉशिंगवाल्याला प्रेशरचा फवारा सीलवर मारू देऊ नका. बॉल जॉइंटला मात्र चवथीच्या आधी नि पावसाळा संपल्यावर थोडं ग्रीस द्या.

दांड्यावर तेलाचा थर दिसू लागला किंवा पूर्ण उघडलेलं बॉनेट वर थांबेनासं झालं तर दोन्ही एकदम बदला. जुना शॉकर भंगारात देताना तो दाबाखाली आहे हे सांगा. कापायचा किंवा आगीत टाकायचा नाही.

आणि कंपनीची दांडी काढू नका. तिचं वजन नगण्य, क्लिपमध्ये पडून राहते. जुलैत चोर्ला घाटात वारा सुटलेला असताना इंजिनात डोकं घालून बेल्ट बघायचा असेल, तर शॉकर असूनही ती लावा. शॉकर गळायला लागला की आधी सांगून गळत नाही, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किट काढून गाडी द्यावी लागली तर त्या दिवशी बॉनेट धरायला तीच असते.