तेविसाव्या मजल्यावरचं घर विकताना

"मॅडम, घर विकायचं ठरलंय, पण होत नाहीये." गेल्या दोन-तीन वर्षांत समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या जणांकडून हे वाक्य मी ऐकलं आहे की पुढचं न सांगताच कळतं. मुलं परदेशी, नवराबायको साठीच्या पुढे, दादर-प्रभादेवी-वरळीकडे तीन-चार बेडरूमचा फ्लॅट आणि त्यातल्या दोन खोल्यांची दारं फक्त झाडू मारायला उघडतात. हिशेब सगळ्यांना पटलेला असतो. तरी ब्रोकर येत राहतात, माणसं घर बघून जातात आणि वर्ष सरतं. त्यातल्याच एका घराची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि 'लिहा' असं त्या घराच्या मालकांनी, काकांनीच सांगितलं आहे.

आधी काकू एकट्या आल्या. गुडघे दुखतात, मुलगा कॅनडात, मुलगी पुण्यात. तिच्या सोसायटीत दोन बेडरूमचं घर मिळत होतं. "यांनी सहा गिऱ्हाइकं परत पाठवली. नऊ कोटी म्हणाले, समोरच्याने मान्य केलं, तर रात्रीत साडेनऊ झाले. साडेनऊला एक कुटुंब तयार झालं, तर हेच त्यांना सांगत बसले की पावसाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतून पाणी येतं. पैशांची गरज नाही, हव्यास तर अजिबात नाही. मग हे काय आहे?"

पुढच्या आठवड्यात काका आले. वय त्रेसष्ट, बंदरावरच्या क्लिअरिंगच्या धंद्यात हयात गेलेली. बसता बसताच म्हणाले, "मी घराच्या भावाबद्दल बोलायला आलोय, मनाबद्दल नाही."

"चालेल, भावाबद्दलच बोलू," मी म्हटलं.

पहिल्या दोन भेटी माझ्या चुकीच्या दिशेने गेल्या. माझी समजूत अशी की आठवणी सुटत नसणार. पण काकांची उत्तरं कोरडी होती. "आठवणी कसल्या? मुलं वाढली बोरिवलीत. इथे आम्ही २०१० साली आलो, दोन वर्षांत मुलगा बाहेर, मग मुलीचं लग्न." घर मोठं होतं, समुद्र दिसत होता, पण त्यांच्या बोलण्यात त्या घरात घडलेला एकही प्रसंग येत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जीव त्या घरात अडकलेलाच नाही. तो विकण्यात अडकला आहे.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. घटनेपेक्षा आपण घटनेला जो अर्थ देतो तो आपल्याला छळतो, हे माझ्या कामाचं मूळ. तो अर्थ बहुतेक वेळा एका वाक्यात असतो आणि ते वाक्य माणसाने कधी मोठ्याने उच्चारलेलं नसतं. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "समजा सौदा झाला. खाली ट्रक उभा आहे, सामान चढतंय. कोण कोण बघतंय?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळ."

त्यांचे वडील, ज्यांना ते दादा म्हणत, गिरणीत साच्यावर होते. लालबागला दहा बाय बाराची खोली, माणसं सात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी मिटलाच नाही. पुढच्या वर्षी वडिलांनी खोली पागडीने दिली आणि घर गावाला नेलं. रात्री. "दिवसा सामान काढलं असतं तर सगळी चाळ गॅलरीत उभी राहिली असती. मी मुंबईतच गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून ठेवलेल्या खोलीवर राहिलो. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले. माझाही त्यातलाच एक. वास्तुशांतीला मी चाळीतल्या प्रत्येकाला शोधून बोलावलं होतं. आता त्यांना काय सांगू? घर विकणारा हरलेला असतो, मॅडम."

ते वाक्य अखेर बाहेर आलं होतं. मी एवढंच विचारलं, "म्हणजे वडील हरले होते?"

काका भडकले. "काय बोलता! चार पोरं, दीड वर्ष पगार नाही. त्यांनी करायचं काय? खोलीच्या पैशांवर घर जेवलं. माझ्या बी.कॉम.ची शेवटची फी त्यातूनच गेली. ती खोली विकली म्हणून मी..." आणि ते थांबले.

बावीस वर्षांच्या कामात मी सर्वांत कष्टाने काही शिकले असेन तर ते अशा क्षणी गप्प राहणं. समजावण्याचा मोह फार होतो. 'बघा, वडिलांनी खोली विकली ती हार नव्हती' हे मी म्हटलं असतं तर ते माझं झालं असतं. ते त्यांनी स्वतःच्या तोंडून ऐकलं. चाळीस वर्षं ज्या विक्रीची लाज बाळगली, तिच्यावरच आपला पाया उभा आहे हे त्यांना त्या खुर्चीत बसून दिसलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "दादांना हे कधी बोललो नाही."

त्यानंतर भावाचा विषय दोन भेटींत संपला. 'चांगला भाव मिळावा' ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. 'माझ्या कष्टांची किंमत या भावात दिसलीच पाहिजे' हा हट्ट आहे आणि तो कोणतंही गिऱ्हाईक पुरवू शकत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, एका कागदावर लिहा की हे घर विकलं तर मी कोण ठरेन. घराविषयी नाही, स्वतःविषयी लिहा. उत्तर 'अपयशी', 'मुलांनी टाकलेली', 'नवऱ्याची शेवटची खूण मोडणारी' असं आलं तर आधी त्यावर बोलायला हवं, ब्रोकर नंतर. जोडीदार नुकता गेला असेल तर निदान वर्षभर कोणताही सौदा करू नका. शक्य असेल तर नव्या जागी आधी दोन महिने भाड्याने राहून बघा. तिथली सकाळ, भाजीवाला, दवाखाना आणि शेजार अंगवळणी पडतात का ते तिथे राहिल्यावरच समजतं. काकाकाकूंनी तेच केलं.

आणखी एक, आणि यात मी फार आग्रही आहे. दगदग नको म्हणून घर मुलांच्या नावे करून टाकण्याची घाई करू नका. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क अवघं दोनशे रुपये आहे, म्हणून ते सोपं वाटतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मागता येते, पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असलेली बरी. आणि विकणार असाल तर आधी सीएकडे जा. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतरच्या दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळते. हे आधी माहीत असलं की अर्धी धाकधूक तिथेच जाते.

मुलांनीही 'विकून टाका ना' हे फोनवर सांगू नये. यावं, चार दिवस राहावं, आपलं जुनं कपाट स्वतः रिकामं करावं.

काकांचा सौदा फेब्रुवारीत झाला, नऊ कोटी वीस लाखांना. खिडकीतून पाणी येतं हे त्यांनी या वेळीही सांगितलं, पण दुरुस्तीचा खर्चही स्वतःच देऊ केला. सामान नेणारा म्हणत होता की रात्री दहानंतर रस्ता मोकळा मिळतो. काकांनी त्याला रविवारी सकाळी अकराची वेळ दिली आणि चाळीतल्या दोन जुन्या सोबत्यांना चहाला बोलावलं.