ट्रेडमिलचा हप्ता आधी की स्वतःची पॉलिसी?

प्रश्न: मिस्टरांचं वय ४८, माझं ४४. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ९२ हजार. घराचा हप्ता ३१ हजार, मुलगी अकरावीला, क्लासची फी वेगळी. मागच्या महिन्यात मिस्टरांची एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, रोज चाला. पण ते लोकलने घरी पोचतात पावणेनऊला, आणि आमच्या रस्त्यावर अंधारात चालायचं म्हणजे पाय मुरगळून घ्यायचा. म्हणून ६५ हजारांची ट्रेडमिल १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावी म्हणतो. सोबत एका फिटनेस अ‍ॅपची वर्षाची वर्गणी. बचत खात्यात ४० हजार आहेत. विमा मिस्टरांच्या कंपनीचा, ३ लाखांचा. ट्रेडमिलवर करसवलत मिळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ट्रेडमिल वैद्यकीय खर्चात बसत नाही. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्याचा हप्ता आणि त्याच मर्यादेत ५ हजारांपर्यंतची प्रतिबंधात्मक तपासणी वजा होते. नव्या प्रणालीत तेही नाही.

आता नो-कॉस्टचं बघू. दरमहा ५,४१७ रुपये, बारा वेळा. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधी देते, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. १५ टक्के दर धरला तर ६५ हजारांत साधारण ५ हजार व्याज दडलेलं आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९०० रुपये, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. हे तुमच्याच कार्डावर येणार. हजार-बाराशे रुपयांनी कुणी बुडत नाही, ते जाऊ द्या. खरी गोष्ट अशी की रोख देणाऱ्याने घासाघीस केली तर तीच मशीन ६० हजारांच्या आसपास मिळू शकते.

मला खटकतात ते तुमचे दुसरे दोन आकडे, ४० हजार आणि ३ लाख. घराच्या हप्त्यासकट तुमचा महिन्याचा खर्च ७५ हजार तरी असणार. म्हणजे हाताशी सोळा दिवसांचे पैसे. आणि ३ लाखांचा विमा कंपनीचा, म्हणजे नोकरी आहे तोवर. पन्नाशीच्या तोंडावर नोकरी सुटली तर विमाही सुटला, आणि तेव्हा नवी पॉलिसी घ्यायला जाणारा माणूस आजच्यापेक्षा वयाने मोठा आणि कदाचित मधुमेही असेल.

६.१ हा आकडा म्हणूनच पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पट्टी, ६.५ आणि वर गेलं की मधुमेह. अजून उंबरठ्याच्या अलीकडे आहात तेवढ्यात स्वतःची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा) घ्या, १० लाखांची. तुमच्या वयाला आणि मुलीसह वर्षाचा हप्ता पंचवीस ते पस्तीस हजारांच्या घरात जाईल, तीन कंपन्यांची कोटेशन मागवा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेव्हा जुन्या कोटेशनवर जाऊ नका. मात्र फॉर्ममध्ये ६.१ लिहायचं म्हणजे लिहायचंच. एजंट ‘कशाला लिहिताय’ म्हणाला तर एजंट बदला. आधीपासूनच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळायला आता जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. लपवलेला आजार ऐन हॉस्पिटलात बाहेर आला तर क्लेमच जातो. कंपनी हप्ता थोडा वाढवून मागेल, मागू दे.

ट्रेडमिलचे सहा हप्ते म्हणजे साडेबत्तीस हजार. पॉलिसी जवळपास त्यातच बसते. उरलेल्या सहा महिन्यांचे हप्ते लिक्विड फंडात (हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) किंवा साध्या आवर्ती ठेवीत टाका, चाळीसचे बहात्तर होतील.

मग चालायचं कुठे? तुमची अडचण खोटी नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण. म्हणजे रोज बावीस मिनिटं, आणि ती एकदम चालायची सक्ती नाही. लोकल एक स्टेशन आधी सोडा असं मी सांगणार नाही, संध्याकाळच्या गर्दीत ते सांगणाऱ्याने करून दाखवावं! पण जेवणानंतर घरातल्या घरात, हॉल ते स्वयंपाकघर, दहा-पंधरा मिनिटं चालणं साखरेसाठी चांगलं. बिल्डिंगचा जिना आहे. गुडघे कुरकुरत असतील तर तो राहू द्या. सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि वीस बैठका, झाला स्नायूंचा हिशेब. शिकायला पैसे लागत नाहीत: आयुष मंत्रालयाचा योग दिनाचा अभ्यासक्रम ४५ मिनिटांचा आहे, व्हिडिओ फुकट. फिट इंडिया अ‍ॅपही फुकट, त्यात वयानुसार तंदुरुस्तीची चाचणी आहे. आहारासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शिका त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या; मिस्टरांच्या डब्यात पोळ्या किती आणि डाळ-उसळ किती, हा वाद तिथे मिटेल. छोटी शंका असेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या सरकारी डॉक्टर भेटतो, फी नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर चांगले बूट, एक योगा मॅट, दोन रबरी बँड आणि ग्लुकोमीटर घ्या. पाच-सहा हजारांत भागतं. अ‍ॅपची वर्गणी आत्ता नको. घेतलीच असेल तर ऑटोपे तपासा; पैसे कापण्याआधी २४ तास सूचना येते, ती आपण न वाचता पुसतो.

ट्रेडमिल वाईट नाही. माझ्याकडे एक आहे आणि तिच्यावर सध्या फक्त मीच चालतो, टॉवेल नाहीत, हे अभिमानाने सांगतो. पण ती मी दोन वर्षं चालल्यानंतर घेतली, तीही वापरलेली, निम्म्याहून कमी किमतीत. शिवाय ती पंधरा चौरस फूट जमीन खाते. तुमच्या भागात फुटाला आठ-नऊ हजार धरले तर मशीनपेक्षा तिच्याखालची फरशी महाग.

तेव्हा असं करा. फ्रिजवर कॅलेंडर लावा, मिस्टरांनी रोजची मिनिटं स्वतः लिहायची. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बारापैकी दहा आठवडे १५० मिनिटं भरली असतील आणि पावसामुळे अडत असेल, तर वापरलेली ट्रेडमिल शोधा, रोखीने, मोटर अर्धा तास चालवून बघून. तोवर पॉलिसीचं कोटेशन आलं की मला पाठवा. हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पेमेंटची (बिलातला काही वाटा आपण भरायचा) अट नेमकी बारीक अक्षरात असते, ती आपण एकत्र वाचू.