मोठा श्वास घेऊ नकोस, बाबू

बाबू,

परवा रात्री तुझ्या मित्राने दारात गाडी उभी केली तेव्हा साडेअकरा झाले होते. मागे तू, शर्टाची बटणं उघडी, आणि तोंडात एकच वाक्य: "मावशी, मी मरतो का वो?" नाडी ११८ लागली. पण मला खरं उत्तर दिलं ते तुझ्या हाताने. अंगठा तळव्यात ओढलेला, बोटं ताठ, एकमेकांना चिकटून पुढे झुकलेली. बाळंतपणात बाईला तपासताना आम्ही हात जसा करतो, हुबेहूब तसा. डॉक्टरांच्या पुस्तकातही त्याला प्रसूती करणाऱ्याचा हात म्हणतात. एकतीस वर्षं उपकेंद्रात बाळंतपणं केलेल्या बाईला तो ओळखू नाही येणार?

होतं काय, की माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. रक्तात ऑक्सिजन आधीच भरपूर असतो, तो आणखी वाढत नाही; उलट कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात, गरगरतं. रक्तातल्या कॅल्शियमचं गणित बिघडतं, ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, हात वळतो. बरगड्यांमधले स्नायू राबून राबून दुखायला लागतात. छाती दुखली की भीती वाढते आणि श्वास आणखी वाढतो. रहाटगाडगंच ते.

म्हणून तुझा मित्र "मोठा श्वास घे, अजून मोठा" म्हणत होता ना, त्याला मी गप्प केलं. त्याची चूक नाही, सगळं गाव हेच सांगतं. तुला ओसरीवर बसवून बशीतला चहा निववतो तशी लांब फुंकर मारायला लावली, आठवतं? नाकाने चार मोजेपर्यंत आत, ओठ चंबू करून सहा मोजेपर्यंत बाहेर. पाव तासाने बोटं सुटली. असा झटका बहुधा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. कोणी तोंडावर कागदी पिशवी धर म्हटलं तर मात्र ऐकू नकोस. पूर्वी आम्हीही सांगायचो. पण दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं निघालं तर तीच पिशवी जिवावर बेतते.

सकाळी ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढ, असं मी म्हणाले होते. तू गेला नाहीस, हे मला तुझ्या मित्राकडून कळलं. पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. बारावीतली एक पोरगी छाती दुखते, दम लागतो म्हणून आली. परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं टेन्शन आहे, आणि गोळी देऊन घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलेली, श्वास लागलेला, बैलगाडीतून आणली. सिकलसेल निघाला, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, छातीत उतरलेला. वाचली ती, पण माझ्यामुळे नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा पट्ट्यात सिकलसेल घराघरात आहे, तुझी तपासणी झाली आहे का तेही मला माहीत नाही. तेव्हापासून "टेन्शन" हा शब्द मी तपासणीच्या नंतर बोलते, आधी नाही.

तू भरतीसाठी रोज सकाळी १६०० मीटर पळतोस, तेव्हा छाती दुखत नाही, अभ्यासिकेतून येऊन आडवं झाल्यावर दुखते. ही चांगली खूण आहे, पण पुरावा नव्हे. पळताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडला असशील, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांग. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांग. बरगडीवर एका बोटाने दाबून दुखतं का, हेही ते बघतील. तिथल्या कूर्चेला सूज असली तरी असंच दुखतं.

पण छातीवर पोतं ठेवल्यासारखं दडपण आलं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात गेलं, थंडगार घाम सुटला, तर गॅस म्हणून सोडा पीत बसायचं नाही, १०८ लावायचा. एका बाजूला अचानक सुरी खुपसल्यासारखं होऊन दम लागला तरी तेच. आणि हो, सध्या कपाशीवर तू फवारतो आहेस. फवारून आल्यावर छाती आवळली, तोंडाला लाळ सुटली, नजर धूसर झाली, तर ते विष आहे. कपडे काढ, साबणाने अंग धू आणि निघ. २०१७ साली यवतमाळात फवारणीने माणसं गेली, ती आठवण जुनी नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला की कोणीतरी म्हणेल, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." मनावर घेऊ नकोस. १८७१ मध्ये अमेरिकेतल्या दा कोस्टा नावाच्या डॉक्टरने युद्धावरच्या सैनिकांमध्ये हेच लिहून ठेवलं आहे: छातीत दुखणं, धडधड, दम, आणि हृदयात सापडण्यासारखं काही नाही. बंदूक धरणाऱ्यांना झालं ते. नॉर्मल म्हणजे खोटं नव्हे.

खर्र्याचं बोलणारच होते. रात्री जागायला म्हणून दिवसाला चार पुड्या घोटतोस, वर काळा चहा, आणि मग धडधडतं काहून म्हणून विचारतोस! तंबाखूने नाडी वाढतेच रे. एकदम सुटणार नाही, संध्याकाळनंतरची पुडी आधी बंद कर.

बाकी तुझं वय निघत चाललंय, जाहिरात निघत नाही, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न, हे तू त्या रात्री ओसरीवर भिंतीकडे बघत बोललास. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण बोलून झाल्यावर तू भाकर मागून खाल्लीस, हे मी पाहिलं. माझ्याशी बोलणं अवघड वाटलं तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणतात, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. झटके वारंवार यायला लागले तर त्यावर गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही आहे, लाजायचं कारण नाही.

वडिलांना कळेल म्हणून तू दवाखाना टाळलास ना? मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. पण पोळ्याला ते बैलजोडी घेऊन माझ्या दारी येतात, ओवाळून झाल्यावर चहाला बसतात आणि तुझं विचारतात. मला खोटं बोलता येत नाही. पोळ्याला अजून नऊ दिवस आहेत.

तुझी,
नर्समावशी