नकाराच्या रकान्यात काय लिहितोस?

प्रिय मित्रा,

तुझा पहिल्या महिन्याचा अहवाल वाचला. पदपथावरच्या बेघरांना भेटत दादर, माटुंगा, माहीम पायी पालथं घातलंस, हे दिसतंय. पण शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच वाक्य आहे: ‘निवाऱ्यात येण्यास नकार’. हे पत्र त्या रकान्याबद्दल.

दादरच्या फूलबाजाराजवळ झोपणारी बाई घे. उजाडायच्या आत बाजारात माल उतरतो. त्या वेळी ती तिथे हवी, तरच स्वस्तातली फुलं हाताला लागतात आणि गजरे होतात. निवारा लांब असला तर त्या अवेळी पोरांना घेऊन ती येणार कशी? शिवाय बायकांच्या निवाऱ्यात नवऱ्याला जागा नाही, मिसरूड फुटलेल्या पोराला तर त्याहून नाही. एका छपरापायी घरची माणसं रोज रात्री वेगळी झोपवायची? मी तरी नाही म्हणालो असतो. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की ही माणसं पोटासाठी पदपथावर राहतात आणि उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. (त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवायलाही वाट ठेवली. आपली मंडळी भाषणात एवढंच गाळतात.)

दुसरं तुझ्या वहीबद्दल. ‘नाव, गाव, जात’ अशा क्रमाने विचारत जातोस, आणि पारध्यांच्या बिऱ्हाडापाशी सगळे गप्प होतात. होणारच. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधीही त्यात आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. संशय काही रद्द झाला नाही. त्यात १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा, म्हणजे नाव लिहून घेणारा माणूस आपल्याला गाडीत घालायला आलाय, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. जात विचारू नकोस. बोलण्यात आली तर आली.

अंथरलेल्या गोधडीवर पाय देऊ नकोस, ती त्यांची ओसरी आहे. मावशी ‘बस’ म्हणेपर्यंत उभा राहा. म्हणाली की खाली बस, उकिडवा नको, मांडी घालून. चहा आला तर पी. फोटो नको, मागून काढलेलासुद्धा नको. बोचक्याला हात लावू नकोस. मदत म्हणून उचलून बाजूला ठेवलंस तरी तिच्या काळजात धस्स होतं. रेशनकार्ड, पोराचा जन्मदाखला, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं त्यातच असतं, आणि म्युनिसिपालिटीच्या गाडीत पहिलं तेच जातं. तिने स्वतः काढून दिले तरच त्या कागदांच्या झेरॉक्स काढ. एक संच तिच्याजवळ आणि तिने सांगितलं तर एक आपल्या कपाटात.

मतदार यादीचं काम आता तुझ्याकडे देतोय. पत्त्याचा पुरावा नसला तरी बेघर माणसाला फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, भरता येतो. बीएलओ, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणारा निवडणुकीचा कर्मचारी, रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का, ते बघून जातो. तो कधी येणार ते विचारून ठेव, वस्तीत आदल्या दिवशी सांग, आणि त्या रात्री स्वतः तिथे थांब. नाहीतर अंधारात कागद घेऊन आलेला सरकारी माणूस दिसला की सगळे बोचकी उचलून पुलाखाली पांगतील, आणि त्याच्या कागदावर ‘आढळले नाहीत’ एवढंच येईल.

तुझा,
दादा